बद्रीनाथ अहलकारांचे तीन बादशाह

बद्रीनाथ अहलकारांना तीनपत्ती खेळता येत नव्हती असं जो कोणी म्हणेल त्यानं आधी नीट चौकशी करावी. खेळता येत होती. जिंकता येत नव्हतं, एवढंच. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे ते स्वतः कोणालाही, विचारलेलं नसतानाही, समजावून सांगत.

त्या काळी निजामाचं राज्य, त्यामुळे कचेरीला सुट्टी शुक्रवारी. जेवणं उरकली की लालचंद शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर सतरंजी पडायची आणि चौघं बसायचे. स्वतः लालचंद शेठ, शाळेतले धर्मराज मास्तर, वडीगोद्रीहून घोडीवर बसून येणारे रखमाजी पाटील आणि आपले बद्रीनाथ, तालुका कचेरीतले अहलकार, म्हणजे कारकून. पण कारकून म्हटलेलं त्यांना खपत नसे. रखमाजी हे त्यांचे सख्खे मेव्हणे, दुर्गाबाईंचे थोरले भाऊ. खेळ चिंचोक्यांवर चालायचा. पैशानं खेळला तर तो जुगार, आणि सरकारी नोकर जुगार खेळत नसतो. चिंचोक्यांवर खेळली ती करमणूक, असा निवाडा बद्रीनाथांनीच दिला होता.

खेळ साधा. प्रत्येकाला तीन पानं. ज्याची भारी, त्याचे चिंचोके. पण खरी गंमत पुढे आहे. हातात फुटकी पानं असली तरी भारी असल्याचा आव आणून चाल वाढवत न्यावी. बाकीच्यांनी घाबरून पानं टाकली की डाव आपला, आणि पानं कोणाला दाखवायचीही गरज नाही. म्हणजे निम्मा खेळ पानांचा आणि निम्मा छातीचा. बद्रीनाथांना छाती होती. त्या छातीवर शेरवानी होती. आणि घात तिथेच होत होता.

आता सांगूनच टाकतो. अख्ख्या पेठेला माहीत होतं, मग तुम्हालाच कशाला अंधारात ठेवायचं? कचेरीचा दस्तूर असा, की साहेबांपुढे जाताना शेरवानीची गळ्यापर्यंतची बटणं लागलेली पाहिजेत. बद्रीनाथांची उभी हयात कचेरीत गेली होती. एरवी उकाड्यापायी ते वरची तीन बटणं उघडी टाकून बसत. पण साहेबाची चाहूल लागली की डोकं जागं व्हायच्या आधी हात गळ्याशी जायचा. तीच खोड पत्त्यांत उतरली. हातात बादशाहचं पान आलं की अहलकारसाहेबांचा हात आपसूक वर जाऊन एक बटण लागायचं. दोन बादशाह आले तर दोन. त्यांना स्वतःला ह्याचा पत्ताच नव्हता! एक्क्याला नाही, राणीला नाही. बादशाह दिसला की अदब.

बटण लागलं की बाकीचे तिघं मुकाट पानं खाली टाकायचे, आणि बटण उघडं असलं की हसत हसत चाल वाढवायचे. बद्रीनाथांना वाटायचं, नशीबच खोटं. ''चांगली पानं येतात तेव्हाच नेमके हे लोक पळतात कसे?'' असं ते दुर्गाबाईंना विचारत. दुर्गाबाई म्हणत, ''मला काय ठावं? मी काय तुमच्या वट्यावर बसून राह्यले का?''

सांगायचं कोणी? शेठला कचेरीत कामं पडायची. मास्तरांचा पगार कचेरीतून निघायचा. आणि रखमाजी पाटलांना मेव्हण्याची चेष्टा करण्यात जी गोडी होती ती पुरणपोळीतही नव्हती. दर सणाला पंगतीत बसून ते विचारायचे, ''काय दाजी, ह्या जुम्म्याला चिंचोके पुरले का? का झाडच पाठवू वडीगोद्रीहून?''

तर दसऱ्याला सोनं द्यायला गेले तेव्हा लालचंद शेठनं बद्रीनाथांना बाजूला घेतलं.

''अहलकारसाहेब, बुरा मानू नका. आमचे जावई, रामनिवासजी, आता इथंच दुकान टाकून राह्यले. त्यांना बी पत्त्यांचा शौक हाय. पाचजण बसले की वटा पुरत न्हाई. तर मी म्हणत होतो, तुमी आमच्याजवळच बसा, पण... पानं लावायला.''

''पत्त्यांची पानं?''

''न्हाई जी. खायची. तुमच्या हातचा विडा बिलकुल बराबर बसतो.''

बद्रीनाथांच्या कानशिलांतून वाफ निघाली. अहलकार! आणि विडे लावणार! ते काही बोलले नाहीत, कारण अशा वेळी त्यांना उर्दू सुचायची आणि शेठला ती त्यांच्याहून चांगली यायची. शेवटी मास्तर मध्ये पडले आणि तोड निघाली. दिवाळीच्या पाडव्याला पत्ते खेळून वर्षाचा शकुन पाहायची रीत आहेच. त्या दिवशी पाचही जणांनी बसावं, सारखे चिंचोके घ्यावेत, आणि ज्याचे आधी संपतील त्यानं उठावं. उठला तो कायमचा उठला.

''मंजूर,'' बद्रीनाथ म्हणाले, आणि सोनं द्यायचं विसरून घरी आले.

खेळ सुधारायचा, असं त्यांनी ठरवलं. माणसानं एखादी गोष्ट ठरवली की ती शेजाऱ्यांना कळू नये. पण मधली भिंत मातीची आणि शेजारी साळूबाई. ''अहलकार, तुमाला नजर लागली,'' असं म्हणून त्या मीठ-मिरच्या घेऊनच आल्या. मिरच्यांचा ठसका अख्ख्या आळीला लागला, फक्त बद्रीनाथांना लागला नाही, कारण त्यांना पडसं होतं. ''बघा, ठसका न्हाई! म्हंजी नजर लई भारी हाय,'' साळूबाई म्हणाल्या आणि राजूरच्या गणपतीला त्यांच्या वतीनं परस्पर नवसही बोलून मोकळ्या झाल्या.

दुसरे सल्लागार कडूबा हवालदार. हे पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. छावणीत गोऱ्या सोजिरांबरोबर पत्ते खेळलो, असं ते सांगत, आणि हे खोटं ठरवायला गावात एकही गोरा नव्हता.

''अहलकार, पत्ते हातानं खेळत न्हाईत. तोंडानं खेळत्यात. तोंड कसं पाहिजे? साहेब शिव्या देऊन राह्यला अन् शिपाई उभा हाय, तसं. ना हसू, ना रडू. दगड!''

हे मात्र बद्रीनाथांना मनापासून पटलं. विद्या सापडली! त्या दिवसापासून ते आरशापुढे बसून तोंड दगडाचं करू लागले. एकदा जमलं, आणि जमलेलं मोडू नये म्हणून ते तसंच घेऊन कचेरीत गेले.

कचेरीत हाहाकार उडाला. जमिनीच्या कागदाच्या नकलेसाठी आलेला एक म्हातारा त्यांच्या तोंडाकडे पाहून ''माझी जमीन गेली काय वो सायब?'' म्हणत पायरीवर बसला आणि रडू लागला. त्याला पाहून त्याच्या मागचे दोघं रडू लागले. चपराशानं जाऊन तहसीलदारसाहेबांना सांगितलं की अहलकारांच्या घरी मयत झाली आहे. साहेब सज्जन, त्यांनी ताबडतोब घरी जायला फर्मावलं. बद्रीनाथ घरी पोचले तर दारात साळूबाई बायकांना घेऊन बसलेल्या आणि दुर्गाबाई विचारत होत्या, ''अगं पण गेलं कोण?''

ह्यात खेळाडूची मानहानी किती होते ते लोकांना कळत नाही. साधना म्हटली की हे आलंच, असं बद्रीनाथांनी स्वतःला समजावलं आणि तोंडाचा अभ्यास फक्त घरात ठेवला.

पण नुसत्या तोंडानं भागत नाही, सराव पाहिजे. मग संध्याकाळी घरातच डाव सुरू झाले. हवालदार, साळूबाई, दुर्गाबाई आणि ते. पहिल्याच दिवशी दुर्गाबाईंनी पानं न बघता सगळ्यांचे चिंचोके नेले आणि दुसऱ्या दिवशी ते भाजून खायला ठेवले. हवालदार हरले की पलटणीतल्या आवाजात ओरडत. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी पोलिसांचे अमीनसाहेब दारात उभे.

''अहलकारसाब, इधर रोज लोगां जमा होरै बोलके सुने. तुम तो सरकारी आदमी. बगैर इजाजत के मजमा? दरखास्त दे देव ना, बस्स.''

काळ तसाच होता. चार माणसं जमवून भजन करायचं म्हटलं तरी सरकारला शंका यायची. बद्रीनाथ कायद्याचे पक्के. त्याच रात्री त्यांनी सुरेख उर्दूत दरखास्त लिहिली: 'फिदवीला तीनपत्तीची मश्क करणे असल्याने चार इसम जमविण्याची इजाजत मिळावी.' फिदवी म्हणजे नम्र सेवक आणि मश्क म्हणजे सराव. सकाळी ती कचेरीत दाखल केली. आणि दाखल झालेल्या दरखास्ती पहिल्यांदा ज्या मेजावर यायच्या, ते मेज बद्रीनाथांचंच होतं.

इथे दुसरा कोणी असता तर शिक्का मारून मोकळा झाला असता. पण बद्रीनाथ मेजामागे बसले की मेजापुढचा माणूस त्यांचा कोणी लागत नसे, मग तो ते स्वतः का असेनात. त्यांनी चष्मा लावून दरखास्त वाचली. वस्तीचं नाव नव्हतं. 'नामंजूर. तफसील पुरी करावी' असा शेरा मारून त्यांनी ती परत केली, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ''ह्या कचेरीतले लोक फार अडवतात'' अशी दुर्गाबाईंकडे तक्रार केली. दुसऱ्यांदा साळूबाईंच्या वडिलांचं नाव राहिलं होतं. ते तर साळूबाईंनाही आठवेना. तिसऱ्यांदा सगळं बिनचूक होतं, तर तिकीट चिकटवायचं राहून गेलं. तीनदा नामंजूर झालेला कागद नियमाप्रमाणे वर, तहसीलदारसाहेबांकडे जातो. तसा तो गेला. तोवर दिवाळी आली आणि सराव बुडाला तो बुडालाच.

पाडव्याच्या दिवशी दुर्गाबाईंनी ओवाळलं तेव्हा बद्रीनाथ दगडाच्या तोंडानं पाटावर बसले होते. ''आज तरी हसा,'' त्या म्हणाल्या. ते हसले नाहीत. पण निघताना उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाले, ''विडे लावायला बसवलं ना, तर मी त्या पेठेतून कचेरीला जाणार नाही. मागच्या ओढ्यानं जाईन.''

दुर्गाबाईंनी नवऱ्याची शेरवानी तेवढी खांद्यावर सारखी केली.

ओट्यावर नवी सतरंजी. लालचंद शेठ, मास्तर, रखमाजी पाटील आणि रामनिवासजी रस्त्याकडे पाठ करून अर्धगोल बसलेले. बद्रीनाथांना भिंतीकडची जागा, तोंड रस्त्याकडे. शेठनं जावयाला आल्या आल्याच बटणाचं सगळं कानात सांगून ठेवलं होतं.

काय सांगू तुम्हाला! बद्रीनाथांनी असं तोंड केलं की दगडानं लाजावं. पण तोंडाकडे बघतंय कोण? चौघांचे डोळे शेरवानीवर. बटण लागलं की चौघांची पानं खाली. बटण उघडं की चाल डबल. दुपार कलायच्या आत बद्रीनाथांच्या पुढ्यात दोन मुठी चिंचोके उरले. रामनिवासजी हळूच सरकून तक्क्याला टेकायची जागा चाचपू लागले. शेठनं पानदान पुढे ओढलं, उगीच आपलं.

''दाजी,'' रखमाजी म्हणाले, ''चुना कमी लावा बरं माझ्या पानाला.''

बद्रीनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. दगडाच्या तोंडावरून ते सरळ खाली आलं असतं, पण त्यांनी नाक ओढलं आणि पानं उचलली. दुर्री, पंजा, सत्ती. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. याहून फुटकी पानं लाकडाच्या वखारीतही मिळायची नाहीत. आता आपण संपलोच तर निदान लढून संपावं, असं म्हणून त्यांनी एक मूठ मधोमध टाकली. बटणं तिन्ही उघडी. चौघांनीही आनंदानं चाली वाढवल्या. रामनिवासजींनी तर निम्मी थैली ओतली. सतरंजीवर चिंचोक्यांचा ढीग झाला. पुन्हा बद्रीनाथांची पाळी आली आणि हातात शेवटची मूठ होती.

त्यांनी मान वर केली. समोर रस्त्यावर टांगा थांबला होता. टांग्यातून तहसीलदारसाहेब उतरत होते.

हात गळ्याशी गेला. एक बटण लागलं.

मास्तर सावरून बसले. दुसरं बटण लागलं. शेठचा पानाचा तोबरा गालातच थांबला. साहेब ओट्याकडेच येत होते. तिसरं बटण लागलं, कॉलरचा हूकही बसला, आणि धांदलीत बद्रीनाथांच्या हातातली शेवटची मूठ ढिगावर सांडली.

''तीन?'' मास्तर पुटपुटले. ''तीन बादशाह!''

त्यांनी पानं टाकली. रामनिवासजींजवळ राण्यांची जोडी होती. विस्तव धरल्यासारखी त्यांनी ती खाली सोडली. शेठकडे स्वतःचा एक बादशाह होता, म्हणजे उरलेले तीन कोठे आहेत त्याचा हिशेब चोख जुळला. त्यांनी हात जोडून पानं ठेवली. रखमाजी पाटील थोडे घुटमळले, पण तीन बटणं म्हणजे तीन बटणं. त्यांनीही टाकली.

बद्रीनाथांना ह्यातलं काहीच दिसलं नाही. ते पानं पालथी टाकून उभे राहिले होते आणि कमरेत वाकून म्हणत होते, ''आदाब अर्ज है, हुजूर!''

चौघांनी गर्रकन वळून पाहिलं. एकच धांदल उडाली. शेठ तक्के आणायला धावले, मास्तर टोपी शोधू लागले. रखमाजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मेव्हण्याच्या गळ्याकडे पाहिलं आणि हात लांबवून ती पालथी पानं हळूच उलटली. दुर्री, पंजा, सत्ती.

''काय व्हतं?'' शेठनं तक्का मांडता मांडता विचारलं. रामनिवासजीही वाकून पाहू लागले.

हा क्षण पाटलांनी जन्मभर जपावा असा होता. ह्या एका गोष्टीवर पुढच्या वीस दिवाळ्यांचे फराळ झाले असते. पण पाटलांनी पानं मिटली, बाकीच्या पानांत मिसळली आणि पिसायला घेतली.

''तीन बादशाह, शेठ,'' ते म्हणाले. ''मी डोळ्यानं पाह्यले.'' आणि चिंचोक्यांचा ढीग त्यांनी मेव्हण्याच्या जागेपुढे सरकवला.

तहसीलदारसाहेब बसले. त्यांनी खिशातून एक कागद काढला. ''बद्रीनाथ, ये तुम्हारी दरखास्त. तुम ने दी, और तुमीच तीन बार नामंजूर करे?''

''कागद अधुरे होते, हुजूर.''

''बीस बरस की नौकरी में मैं ने ऐसा अहलकार नहीं देखा जो अपने आप को भी रिआयत न दे,'' साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ''मैं ने सोचा, ईद का दिन है इन लोगां का, खुद जा के मंजूरी देता हूँ. और जिस खेल की इतनी मश्क है, वो देखूँ भी. बैठो. हमारे भी पत्ते बाँटो.''

बद्रीनाथांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते बसले. आणि साहेब समोर बसलेले, म्हणजे आता बटणं उघडायची सोयच नाही! बादशाह येवो, दुर्री येवो, शेरवानी गळ्यापर्यंत बंद. चौघं बिचारे टक लावून शेरवानीकडे पाहत होते आणि त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं. सूर्य नसलेल्या दिवशी वेळ विचारावी तशी त्यांची गत झाली. बद्रीनाथ चाल वाढवायचे आणि हे पानं टाकायचे. हे उसनं अवसान आणायचे आणि बद्रीनाथ पानं उलटायचे. साहेबांनीही दोन डाव घालवले आणि ''क्या चेहरा है! पत्थर!'' म्हणून मोकळी दाद दिली. दिवेलागणीला रामनिवासजींची थैली उलटी झाली. ते उठले. विडे त्यांनी लावले आणि, खरं सांगायचं तर, बरे लावले.

त्या संध्याकाळी बद्रीनाथ भर पेठेतून घरी गेले. वाट वाकडी करून दोनदा गेले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. रखमाजी पाटील बहिणीकडे आले. दुर्गाबाईंनी ओवाळलं, पाटलांनी तबकात लुगडं ठेवलं. बद्रीनाथ आत कपडे करत होते. दुर्गाबाईंनी निरांजन खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, ''दादा, आता माझ्या गळ्याची आण. यांनी खरंच जिंकलं, का तुमी लोकांनी नुसतं खेळवलं? रातभर बोलून राह्यले व्हते. झोपेत बी बोलत व्हते.''

पाटलांनी निरांजनाकडे पाहिलं.

''अगं, सगळ्या तालुक्यात असा खेळणारा न्हाई,'' ते म्हणाले. ''उगंच मी इतकी वर्षं चेष्टा केली.''

दुर्गाबाई भावाकडे बघत राहिल्या. हा माणूस लहानपणी खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा. आत्ताही तो ती ओढत होता. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि त्याच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला.

एवढ्यात बद्रीनाथ बाहेर आले. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, आणि ते मोठ्या मनाचे होते.

''पाटील, वाईट वाटून घेऊ नका. विद्या आहे, शिकली की येते. मी शिकवतो ना तुम्हाला. बसा असे समोर.''

रखमाजी पाटलांनी अनारसा बाजूला ठेवला, मांडी घातली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हात जोडून म्हणाले, ''दाजी, ते तोंड कसं ठेवायचं, तेवढं आधी दाखवा.''

बद्रीनाथांनी दाखवलं.